लिमाहून, एका ओठावरच्या व्रणाबद्दल

लिमा

प्रिय बाळ्या,

तुला पेणच्या कारखान्यातून उचलून थेट इथे आणायला हवं होतं. काल लार्को म्युझियममध्ये गेलो होतो. सुमारे 45,000 वस्तू, आणि गोदामसुद्धा लोकांना खुलं! कपाटांत छतापर्यंत मडकी. त्यांतली कितीतरी म्हणजे चक्क माणसांची डोकी.

ही मोचे लोकांची कामगिरी. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या त्रुहियोच्या आसपास, साधारण इ.स. 100 ते 800 या काळात ते राहत. लिपी नाही, कुंभाराचं चाक नाही. पण चेहरे असे, की यातला एखादा रस्त्यात भेटला तर आपण ओळखू. डोकं आतून पोकळ, मागे रिकिबीसारखी वाकलेली नळी आणि तिच्यावर तोटी. म्हणजे पुतळा नव्हे, भांडंच.

आता तुझ्या कामाचं. हे सगळं साच्यातलं. दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, अर्धुकं जोडायची, सांधा पुसून घ्यायचा, मग नळी बसवायची. वर लाल आणि पांढुरक्या मातीचा पातळ लेप, घोटाई, भाजणी. एका साच्यातून अनेक नग निघत, पण रंगवताना एकाच्या डोक्यावरचं फडकं वेगळं, दुसऱ्याच्या गालावरचे पट्टे वेगळे. तू डोळे आखायला बसलास की एकाच साच्यातले गणपती वेगळे होतात ना, तसंच.

एका इसमाच्या वरच्या ओठावर व्रण आहे. क्रिस्टोफर डॉनन नावाच्या अभ्यासकाने त्याची चाळीसहून अधिक भांडी हुडकून काढली. कुठे दहाएक वर्षांचा पोरगा, कुठे तिशी ओलांडलेला बाप्या. व्रण मात्र तोच. नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून अभ्यासक त्याला 'कापल्या ओठाचा' म्हणतात. मी तर त्याच्यापुढून हललोच नाही. बायको पुढची दोन दालनं बघून परत आली.

हे बहुतेक बडे लोक असावेत, कारण डोक्यावरचा थाट तसाच आहे. पण त्यांच्यातलेच काही चेहरे दुसऱ्या भांड्यांवर भेटतात ते उघडेनागडे, गळ्यात दोर बांधलेले कैदी म्हणून. थाटात असताना ज्याची हुबेहूब छबी काढली, त्याचीच ही फजितीही तितक्याच मन लावून घडवली. कारागिराचा हा कोरडेपणा मला फार आवडला. थोडी भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू.

सोबत फोटो पाठवतोय. कानामागचा सांधा नीट बघ आणि सांग, नळी ओल्या मातीतच बसवली असेल की थोडी सुकल्यावर? माझी आणि बायकोची त्यावरून पैज लागली आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या