सूर उतरतो, पण कशामुळे?

मा. संपादक,

समूहगायनाच्या परीक्षणांत ‘शेवटी सूर उतरला’ हे वाक्य वारंवार वाचायला मिळते आणि दोष गायकांच्या कानांवर जातो. नाट्यकाव्यावर बांधलेल्या, वाद्यांची साथ नसलेल्या रचनांत मूळ दुखणे बहुधा उच्चारात असते.

इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांची १९५१ची ‘थ्री शेक्सपिअर साँग्ज’ घ्या. दुसरे गीत ‘द टेम्पेस्ट’मधल्या प्रॉस्परोच्या भाषणावर आहे. लय संथ, आवाज हळुवार आणि लागोपाठ येणाऱ्या कॉर्डांचे (एकाच वेळी गायल्या जाणाऱ्या सुरांच्या मेळांचे) एकमेकांशी नाते दूरचे. पहिल्याच ओळीत, ‘द क्लाउड-कॅप्ड टॉवर्स’मध्ये, ‘टॉवर्स’ हा शब्द अडवतो. त्यातला जोडस्वर ‘आ’वरून ‘उ’कडे सरकतो, प्रत्येक जण वेगळ्या क्षणी सरकला की कॉर्ड गढूळ होतो, कोणाचा सूर धरावा हे कळेनासे होते आणि सगळेच खाली येतात. उपाय साधा आहे: पूर्ण लांबी ‘आ’वर धरायची, ‘उ’ अगदी शेवटच्या क्षणी, सर्वांनी एकदम.

म्हणून तालमीचा क्रम महत्त्वाचा. आधी ओळी नुसत्या म्हणाव्यात, शेक्सपिअरच्या ओळीतली दहा अक्षरे आणि पाच आघात अंगवळणी पडेपर्यंत. ‘कॅप्ड’ एकाक्षरीच, ‘कॅपेड’ केले की ओळ मोडते. मग त्याच ओळी लयीत बोलाव्यात, त्यानंतर फक्त स्वरवर्णांवर गाव्यात. व्यंजने सर्वांत शेवटी. पियानोवर फक्त सुरुवातीचा सूर घ्यावा आणि कडवे संपल्यावर ताडून पाहावा. तालीमभर पियानो वाजत राहिला तर त्याचा गांधार कानात बसतो आणि तो शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार ऐकलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

श्वास शेजाऱ्याबरोबर घेऊ नये; प्रत्येकाने आपली जागा पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवावी. गीताच्या शेवटच्या ‘स्लीप’ या शब्दातला ‘प’ संचालकाच्या हातावरच आणि ओठ हलकेच मिटून. वीस जणांचा ‘प’ मागेपुढे फुटला तर सगळा शेवट वाया जातो.

फिनिश संगीतकार याको मॅन्ट्युयार्वी यांच्या १९८४च्या ‘फोर शेक्सपिअर साँग्ज’मधील ‘मॅकबेथ’च्या चेटकिणींच्या गीतात मात्र गणित उलटे. तिथे मात्रा सतत बदलतात, त्यामुळे तालीम व्यंजनांपासूनच सुरू करावी आणि ती ठोक्याच्या किंचित आधी यावीत, म्हणजे स्वर ठोक्यावर पडतो.

व्हॉन विल्यम्सकडे वळणाऱ्या नवख्या गटाने तिसरे, वेगवान गीत आधी बसवावे. त्यात लांब सूर धरून ठेवण्याचे काम कमी असते.

– एक वाचक