मुक्ताच्या दुर्बिणीविषयी

नाशिक,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

आठवीतल्या मुक्ताने वाढदिवसाला सायकल नको, दुर्बीण हवी असे सांगितल्याचे वाचून इतका आनंद झाला की त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो. मात्र तू पाठवलेल्या जाहिरातीतली ५२५ पट मोठे दाखवणारी दुर्बीण कृपा करून घेऊ नकोस. अगदी तशीच मी नऊ वर्षांपूर्वी घेतली होती. ७६ मिलिमीटरचा आरसा, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे तयार होते तिथपर्यंतचे अंतर), ४ मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) आणि प्रतिमा तिप्पट करणारे बार्लो भिंग यांचा हिशेब मांडला की ५२५ हा आकडा येतो खरा. पण एवढ्याशा आरशाने गोळा केलेला प्रकाश इतका ताणला की शनीच्या जागी नुसता फिकट, पुसट डाग उरतो. त्यात तिपाई इतकी हलकी होती की प्रतिमा स्पष्ट करायला चाकाला बोट लावले तरी ती चार-पाच सेकंद डोलत राही आणि स्थिरावेपर्यंत ग्रह कडेला सरकलेला असे. माझ्या मुलाने तीन रात्री डोळा लावला आणि चौथ्या रात्री तो गच्चीवर आलाच नाही. ती रुखरुख मला अजून आहे.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न आरशाच्या व्यासाचा विचार. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो, त्यामुळे १५० मिलिमीटरचा आरसा ७६च्या जवळजवळ चौपट प्रकाश देतो. विशालन, म्हणजे किती पट मोठे दिसते ते, तर नेत्रिका बदलून हवे तेवढे कमी-जास्त करता येते: १५०च्या दुर्बिणीच्या १२०० मिलिमीटर नाभीय अंतराला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट, १०ची लावली की १२० पट. शनीची कडी दिसायला ४८ पट पुरते. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पटीच्या, म्हणजे १५०च्या आरशाला ३०० पटीच्या, पुढे जाण्यात अर्थ नसतो आणि आपल्याकडच्या हवेत तेवढेही क्वचितच साधते.

दुसरा प्रश्न बैठकीचा, म्हणजे नळी ज्यावर बसते आणि फिरते त्या आधाराचा. मुक्तासाठी मी निःशंकपणे डॉब्सोनियन बैठक सुचवेन. जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेली ही प्लायवूडची साधी पेटी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, बोटाने ढकलली की सरकते आणि सोडली की तिथेच थांबते. ताऱ्यांच्या फिरण्यामागोमाग फिरणारी विषुववृत्तीय बैठक मात्र ध्रुवताऱ्याकडे रोखून बसवावी लागते. तेराव्या वर्षी त्या खटाटोपातच तिची संध्याकाळ जाईल. १५०ची नळी सुमारे सव्वा मीटर लांब आणि बरीच जड असते. जिन्यावरून रोज नेणे जमणार नसेल तर १३०ची, टेबलावर ठेवायची घे. जी सहज बाहेर निघते तीच वापरली जाते.

अशा आरशाच्या, म्हणजे परावर्तक, दुर्बिणीत आरसे अधूनमधून एका रेषेत आणावे लागतात. आरशाच्या मध्यावरची छोटी खूण नेत्रिकेच्या जागी लावलेल्या टोपीच्या भोकातून पाहायची आणि मागचे स्क्रू किंचित फिरवत ती मधोमध आणायची, एवढेच काम आहे. मुक्ता ते तुझ्या आधी शिकेल. शोधक दुर्बीण (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) दिवसा मोबाइलच्या टॉवरच्या टोकावर जुळवून घ्या; चित्र उलटे दिसेल, ते तसेच असते. रात्री पाहण्याआधी नळी अर्धा तास गच्चीवर ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. पावसाळ्यात ती कोरड्या कपाटात ठेवा. आणि सूर्याकडे ती कधीही वळवू नये, हे तिला पहिल्याच दिवशी बजावून सांग. क्षणभरात डोळा जातो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या उजेडाने आमचे आकाश धुरकट झाले आहे, तुमच्या येवल्याच्या गच्चीवर मृगातला तेजोमेघ यापेक्षा कितीतरी खुलून दिसेल. तरी मार्गशीर्षातल्या अमावास्येला तिला घेऊन ये. आपण गंगापूर धरणाच्या पलीकडे जाऊ. माझी १५०ची तिच्या हाती देतो. स्वतः कृत्तिका शोधू दे, नळी उचलून पाहू दे. तोवर दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला अनेक आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत