ऑइल नवं भरलं, पण जुनं रबर तिथंच राहिलं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात गाडीची काळजी कशी घ्यायची ते येतं, टायर बघा, वायपर बदला, ब्रेक चेक करा, सगळं बरोबर आहे पण ऑइल फिल्टरबद्दल, म्हणजे इंजिनचं तेल गाळणाऱ्या डब्याबद्दल, एक ओळ कधी वाचल्याचं आठवत नाही. आता मीसुद्धा गेल्या महिन्यापर्यंत त्या डब्याकडं कधी ढुंकून बघितलं नव्हतं म्हणा.

शनिवारी संध्याकाळी इथल्याच एका गॅरेजमधून ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, गर्दी होती आणि घाई झाली त्याची). रविवारी सकाळी आई, बायको आणि मेव्हण्याला घेऊन साताऱ्याला निघालो. उंब्रज गेलं, अतीत मागं पडलं आणि डॅशबोर्डवर तो लाल दिवा पेटला, किटलीच्या चोचीतून थेंब पडतोय असं चित्र असतं बघा तो. मेव्हणा म्हणाला नागठाणं आलंच की आता, तिथं दाखवू कुणालातरी. पण लाल दिवा म्हणजे नुसतं तेल कमी झालं असं नसतं, तेलाचं प्रेशर गेलेलं असतं, आणि प्रेशर नसताना इंजिन फिरवलं की बेअरिंग कोरडी घासतात आणि दोन किलोमीटरच्या आळसापायी इंजिन जाम होऊ शकतं, एवढं मला माहीत होतं. गाडी कडेला घेऊन तिथंच बंद केली. वाकून बघतो तर खालचा सगळा भाग तेलानं माखलेला आणि मागं रस्त्यावर मधाच्या रंगाची ओळ गेलेली, नवंकोरं तेल, काल पैसे मोजून भरलेलं.

नागठाण्याहून एक पोरगा मोटरसायकलवर आला, गाडीखाली शिरला, फिल्टर खोलला आणि माझ्या हातात दोन रबरी रिंगा ठेवल्या. एक मऊ, गुबगुबीत, दुसरी चपटी होऊन पार कडक झालेली. म्हणाला, "काका, डबल रबर. जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहतंय, वर नवा फिल्टर बसवला की झालं." गॅरेजमध्ये गाडी चालू करून बघितली तेव्हा थेंबही पडला नव्हता, पण हायवेला इंजिन वर फिरायला लागलं, प्रेशर वाढलं आणि एकावर एक बसलेली ती दोन रबरं सरकली. त्यानं जागा फडक्यानं पुसली, नव्या रबराला बोटानं तेल लावलं, रबर टेकेपर्यंत फिरवलं आणि पुढं पाऊण वेढा, तोही हातानंच. पाना लावला नाही. विचारलं तर डबा फिरवून दाखवला, बऱ्याच फिल्टरवर हे चित्र काढून छापलेलंच असतं हो, वाचतं कोण!

सोमवारी गॅरेजवाल्याकडं दोन्ही रिंगा घेऊन गेलो. होतं साहेब कधीतरी, म्हणाला. होतं ना, पण फिल्टर खोलल्यावर त्याच्या तोंडावर जुनं रबर आहे का नाही एवढं बघायला पाच सेकंद लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक गॅरेजनं काढलेला फिल्टर रबरासकट गिऱ्हाइकाला दाखवावा आणि बिलावर तेलाचा ग्रेड, किती लिटर भरलं आणि किती किलोमीटरला बदललं हे लिहावं. बिल मागितलं की बरेच जण तोंड वाकडं करतात, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हे अनुचित व्यापारी प्रथेत धरलंय, तेव्हा मागायला लाजायचं कारण नाही.

आणि चूक सगळी गॅरेजवाल्यांचीच असं पण नाही, आपणच सांगतो की फिल्टर राहू दे, पुढच्या वेळी बदलू, तेवढेच शे-दोनशे वाचतील. आतला कागद घाणीनं चोंदला की फिल्टरमधली एक छोटी झडप उघडते आणि तेल न गाळताच इंजिनात जातं, कारण इंजिन कोरडं पडण्यापेक्षा घाण तेल परवडलं. म्हणजे फिल्टर दिसायला जागेवर असतो पण काम काहीच करत नाही. डुप्लिकेट फिल्टरमध्ये तर इंजिन बंद असताना तेल आत धरून ठेवणारं रबर पण बऱ्याचदा धड नसतं, मग सकाळी स्टार्ट केलं की दोन-चार सेकंद खडखड, आणि आपण म्हणतो थंडीमुळं होत असेल.

ड्रेन बोल्टचं, म्हणजे जुनं तेल सोडायच्या खालच्या बोल्टचं, वायसर ही दुसरी कंजुषी. जुनंच लावायचं, थेंब गळायला लागला की बोल्ट आणखी आवळायचा, शेवटी तेलाच्या चेंबरचे आटे जातात आणि दहा-वीस रुपयांच्या वायसरपायी हजारोंचा खर्च. कॅनमध्ये उरलंय म्हणून सगळं तेल ओतायचं हे पण चालू असतं, माझ्या गाडीला फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं, कॅन साडेतीनचा. जास्त झालं तर आत फेस होतो. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) स्वतः बघा. डिझेल गाडीचं तेल आठवड्यात काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ती काजळी असते. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र घाबरा, तेलात पाणी चाललंय.

मुदत मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, बऱ्याच गाड्यांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, यातलं आधी होईल ते. आमचे एक शेजारी गाडी फिरलीच कुठं म्हणून तीन वर्षं एकच तेल वापरतायत, त्यांना समजावून मी थकलो.

जाता जाता, ते जळकं ऑइल. थोडं वाळवीसाठी दाराच्या चौकटीला लावायला लोक नेतात, बाकीचं काही ठिकाणी सरळ गटारात जाताना मी बघितलंय आणि इथलं गटार शेवटी कुठं जातं हे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर फिरायला जाणाऱ्याला सांगायला नको. कायद्यानं तो घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच जायला पाहिजे. गॅरेजचं जळकं ऑइल कोण गोळा करतं, किती करतं, एखाद्या बातमीदाराला लावाच मागं.

पत्र लांबलं, जागेप्रमाणे काटछाट करा, पण डबल रबराचं तेवढं ठेवा.

आपला,
एक वाचक, कराड