अनुस्वार कळतो त्याला अपॉस्ट्रॉफी का जड जावा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. सीझन आला की आमच्या देवगडला रस्त्याकडेने आंब्याचे स्टॉल लागतात आणि बऱ्याच बोर्डांवर इंग्रजीत मँगोच्या ओ आणि एसच्या मधे वरती एक स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, काढलेला असतो. परवा माझ्या पुतणीने वहीत तस्संच लिहिलं, बाईंनी लाल फुली मारली, आणि ती रडवेली होऊन मला म्हणते, काकी एवढ्या मोठ्या बोर्डावर आहे मग चूक कसं?

तिचं काय चुकलं सांगा. अनेकवचनाला वर काहीच लागत नाही, मँगोला ईएस लावा नाहीतर नुसता एस, डिक्शनरीत दोन्ही आहेत. तो स्वल्पविराम मालकीचा, म्हणजे आपल्या चा-ची-चे चा. जुन्या इंग्रजीत तिथे ईएस असा प्रत्यय होता, त्यातला ई गळला त्याची ती खूण.

मी तिला मराठीत लिहायला लावलं, मुलाची होडी आणि मुलांची होडी. फरक काय तर एक अनुस्वार, बरोबर? इंग्रजीत तेच काम स्वल्पविरामाची जागा करते, बॉय एक असेल तर एसच्या आधी, अनेक असतील तर एसच्या नंतर. चिल्ड्रन हे एस न लावताच अनेकवचन म्हणून तिथे परत एसच्या आधी. आपलं ची-चं होडी की जाळं बघून बदलतं, त्यांचं बदलत नाही, उलट सोपंच की. आणि शीप एक असो की दहा शीपच राहतं ह्याचं तिला नवल वाटलं, पण एक फणस चार फणस हे आपण रोज बोलतोच ना! फक्त इट्सने घोळ घातला, तेव्हा सांगितलं, हिजला जसा स्वल्पविराम नाही तसा मालकीच्या इट्सलाही नाही, दिसला तर ते इट इज नाहीतर इट हॅज समजायचं.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तरी मराठीच्या तासाला अनुस्वार शिकलेलं पोर इंग्रजीच्या तासाला कोरंच बसतं, कारण दोन्ही व्याकरणं शेजारी ठेवून कोणी दाखवतच नाही. शिक्षकांनी हे एकदा करून बघावं अशी कळकळीची विनंती आहे.

पुतणीने त्या स्टॉलवाल्या दादांना जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. पेंटर सोमवारी येणार आहे.

आपली,
एक वाचक, देवगड