लुगड्याला कात्री लावायच्या आधी

बेळगाव
१४ डिसेंबर

प्रिय सखे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला मुद्दामच उशीर केला. आईंच्या लुगड्यांना गोधडीसाठी कात्री लावावी का, असं तू विचारलंस, आणि हातातली गोधडी पुरी झाल्याशिवाय त्यावर काही लिहू नये असं वाटलं. परवा रात्री शेवटची गाठ थरांच्या आत लपवली, दोरा तोडला, आणि आज सकाळची कामं उरकून लिहायला बसले आहे.

तू लिहिलंस, आईंची लुगडी अटलांटाला नेलीस खरी, पण अकरा वर्षं ती बॅगेतच आहेत. दर दिवाळीला काढतेस, ऊन देतेस, परत ठेवतेस. कात्री लावायचा धीर होत नाही. अगं, माझंही तसंच होतं. आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली तेव्हा त्यात सात लुगडी आणि बाबांची दोन धोतरं होती. डांबरगोळ्या बदलण्यापलीकडे दोन वर्षं मी त्यांना हात लावला नाही. मग यंदा पावसाळ्यात एक दिवस घडी उलगडली आणि डाळिंबी इरकल घडीवर सरळ रेषेत विरलेलं दिसलं. नेसून विरलं असतं तर काही वाटलं नसतं, ते नुसतं ठेवून विरलं होतं. त्याच दुपारी मी आत्याला फोन केला.

आत्या खानापूरकडच्या खेड्यात राहते. तिनं आजवर किती गोधड्या शिवल्या याचा हिशोब तिच्याकडेही नाही. ती चार दिवस येऊन राहिली. पहिल्या दिवशी तिनं मला कात्री हातात धरू दिली नाही. एकेक लुगडं उघडून दारात उजेडासमोर धरायला लावलं. तूही पहिल्यांदा हेच कर. उजेडात कापड सगळं सांगतं. काष्ट्याचा भाग जाळीसारखा झालेला असतो, टाचेपाशी काठ झिजलेला असतो, कमरेला गाठ यायची तिथे एक फिका पट्टा असतो. निऱ्यांचा भाग मात्र बहुधा धड निघतो. आईच्या हिरव्या लुगड्याच्या पदराला एका टोकाशी कापड वेगळंच लागलं, चुरगळून मऊ पडलेलं. आत्यानं बोटं फिरवली आणि म्हणाली, "किल्ली बांधायची ना ती इथं." मला आठवलंच नव्हतं. कपाटाची किल्ली आणि बसचे सुटे पैसे आई कायम पदराच्या त्या टोकाला बांधायची. किती धुतलं, किती इस्त्री केली तरी त्या गाठीची खूण गेलेली नव्हती.

आणखी एक सापडलं. जुन्या एका लुगड्याला मधोमध दंड घातलेला होता. मधला विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडलेले, इतक्या बारीक टाक्यांनी की बोटाला लागत नव्हते. ते लुगडं आजीचं असणार. म्हणजे कात्री त्याला आपल्या आधीच लागलेली आहे, सखे. आपल्या आज्या कापड ठेवून द्यायच्या नाहीत. लुगडं विरलं की दंड, मग त्याचं परकर-पोलकं, मग बाळाची दुपटी, मग गोधडी, आणि शेवटी उरेल ते पोतेरं. हे कळल्यावर माझा हात मोकळा झाला.

आता हिशोब सांगते, तुझ्या उपयोगाचा आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. सात फुटी गोधडीचा एक थर ८४ इंचांचा. एका लुगड्यातून असे तीन थर निघतात आणि दोन वार उरतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंचांचा, म्हणजे एका माणसाला पुरेशी गोधडी जोड न देता होते. दोन लुगडी घेतलीस तर सहा थर. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात विरलेले भाग वगळावे लागतात, म्हणून मधल्या थरांना मी बाबांची धोतरं घातली. सगळ्यात धड कापड खाली-वर, विरलेलं आत. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, त्यामुळे आतलं कापड जुनं आणि पातळ असलं तरी बिघडत नाही. उलट मऊपणा तिथूनच येतो.

इरकलीचा पदर मात्र मी गोधडीत घातला नाही. त्याचं कारण भावनेचं कमी आणि कापडाचं जास्त. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदराचा ताणा वेगळा, रेशमी असतो, आणि विणताना त्याचा एकेक दोरा अंगाच्या दोऱ्यात फास घालून अडकवतात. टोपे-तेनी म्हणतात त्याला. त्या जोडावर कात्री चालवली तर फास सुटत जातात. शिवाय रेशीम आणि सूत धुतल्यावर सारखं वागत नाही. म्हणून पदर जोडापासून चार बोटं सोडून कापले आणि अख्खे ठेवले.

शिवायला बसलो ती माजघरात. फरशी पुसून कोरडी केली, थर एकावर एक अंथरले, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली. एका कोपऱ्यावर वरवंटा होता. मग वीतवीतभर अंतरावर लांब कच्चे टाके. इथे कंटाळा करू नकोस. मी एका बाजूला दोन ओळी गाळल्या आणि पुढे तिथेच आतल्या थराला चुणी पडली. ती उसवून पुन्हा बसवायला एक आख्खी दुपार गेली.

तू लिहिलंस की तुमच्याकडच्या बायका मधून सुरुवात करून कडेकडे जातात, म्हणजे फुगवटा बाहेर निघून जातो. आत्या बरोबर उलट करते. कड आत दुमडून आधी चौफेर धावदोरा, मग त्याच्या आत दुसरा फेरा, मग तिसरा, असं आत आत. पुस्तकी नियमानं फुगा मध्ये जमायला हवा. तो जमत नाही, कारण प्रत्येक फेऱ्याला ती डाव्या तळव्यानं कापड पुढे सारत, चेपत जाते आणि सैल भाग टाक्याटाक्यात थोडा थोडा मुरवते. सगळं काम त्या डाव्या हाताचं. मी तिच्या सुईकडेच बघत होते, तिसऱ्या दिवशी कळलं की बघायचं दुसऱ्या हाताकडे होतं. त्या मुरवण्यामुळेच गोधडीवर त्या बारीक लाटा उठतात. मशीनवर त्या येत नाहीत. मशीनचे दाते खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो, आणि सहा थरांत कापड तिरकं होतं. मी सोळा नंबरची सुई लावून एक कोपरा करून पाहिला, मग उसवला. ठिगळं आधी जोडून घ्यायची असतील तर मशीन उत्तम, थर शिवायला हातच.

कडेकडून आत यायची रीत हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांचीही आहे. आपल्यापासून फार लांब नाहीत त्या. शतकांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. ठिगळाची कड दुमडत, लावत, शिवत त्या मध्यापर्यंत येतात, आणि शेवटी चार कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला फुला म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी. एका प्रदर्शनात मी एक हातात घेऊन पाहिली आहे. मीही माझ्या गोधडीच्या एका कोपऱ्याला तशी घडी लावली, आईच्या त्या किल्लीच्या गाठीच्या कापडाची. पदरातून कापलेला तुकडा तो एवढाच.

टाके किती पडले ते मी मोजायला गेले नाही, पण अंदाज काढला. अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी, म्हणजे सगळी ओळ सरळ केली तर ६३० फूट भरते. इंचाला तीन टाके धरले तरी बावीस हजारांच्या वर जातात. रोज रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास बसत होते. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. सुई जाड पण दाभण नको, दाभणानं पडलेलं भोक जुन्या कापडात मिटत नाही. आणि मधल्या बोटाला अंगुस्तान हवंच. पहिल्या आठवड्यात मी ते न घालता शिवलं, बोटाला छिद्र पडलं आणि हिरव्या कापडावर रक्ताचा एक ठिपका राहिला.

एक चूक मात्र मला अजून सलते. कडेला पट्टी हवी म्हणून बाजारातून नवं लाल सुती कापड आणलं. दुकानदारानं रंग पक्का असल्याचं सांगितलं आणि मी न धुता ते लावलं. पहिल्या धुण्यात लाल रंग धोतराच्या पांढऱ्यावर उतरला, शिवाय नवं कापड आटलं, जुनं आटायचं तेवढं केव्हाच आटलेलं होतं, त्यामुळे कड आखडून गोळा झाली. सगळी पट्टी उसवून काढली. आता कड लुगड्याच्याच काठाची आहे. तू नवं कापड घेणार असशील तर दोनदा भिजवून, वाळवून मगच हाताळ.

आता तुझा मोठा प्रश्न. लुगडं कापलं की आई थोडी कापली जाते का, असं तू विचारलंस. तू जिथे राहतेस तिथून शेजारच्या राज्यात, अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या लेकी-नातींनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवल्या आणि २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. त्यांत मिझुरी पेटवे या बाईंची १९४२ सालची एक गोधडी आहे. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचे शेतातले कामाचे कपडे उसवून ती शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावं म्हणून. मी तिचं चित्र पाहिलंय. विटलेला निळा, राखाडी, मातकट. त्यात एक ठिगळ असं आहे की वाटतं, गुडघा तिथेच टेकत असणार. कपडे घडी करून ठेवले असते तर त्यांना कसर लागली असती. गोधडीखाली त्या झोपल्या. मला वाटतं तुझं उत्तर त्यात आहे, पण तू स्वतः बघ. जमलं तर तिकडे एकदा जाऊन ये. मला तिथे यायचं फार मनात होतं, आता ते मी तुझ्या डोळ्यांनी पाहीन.

माझी गोधडी काल धुतली. सहा थर ओले झाल्यावर इतकी जड होते की पिळायला मी आणि सूनबाई दोघी लागलो, एकीनं एक टोक धरून. गच्चीवर दोन्ही बाजूंनी ऊन दिलं. रात्री पांघरली. हिरव्या लुगड्याची बाजू अंगाला, डाळिंबी वर. कोपऱ्यातली ती त्रिकोणी घडी झोपेत नेमकी हातात येते.

भाची १० जानेवारीला तुमच्या गावी येते आहे. तिच्याबरोबर जाड सुती दोऱ्याची दोन रिळं, सुया आणि आत्याचं एक जुनं पितळी अंगुस्तान पाठवते. अंगुस्तान आत्यानं स्वतः दिलंय, तुझं नाव घेऊन. तू तोवर एवढंच कर की सगळी लुगडी खिडकीत उजेडासमोर धर आणि कोणतं कुठे विरलंय ते मला लिही. त्यावरून आपण ठरवू कोणतं वर आणि कोणतं आत.

तुझी,
शाळेतल्या बाकावर तुझ्या डावीकडे बसणारी