परीक्षा शुल्क घेऊन परत देण्यापेक्षा घेऊच नका

संपादक महोदय,

पुण्यात सदाशिव पेठेत मी विद्यार्थ्यांची मेस चालवते. जेवायला येणारी बरीच मुलं परंडा, भूम, माढा, मोहोळकडची. सप्टेंबर 2025 मध्ये तिकडे सीना नदीला पूर आला, उभं सोयाबीन गेलं, कुणाच्या रानातली मातीच वाहून गेली. पाठोपाठ माझ्या वहीत खाडे वाढले. रात्रीचा खाडा टाकायचा आणि खोलीवर दोघांत एक डबा न्यायचा. ‘काकू, भात जरा जास्त घाला’ म्हटलं की मला कळतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा जिन्यात उभा राहून आईला फोनवर ‘हो, जेवलो’ सांगत होता. त्या दिवशी त्याचा खाडा होता.

अशा वेळी ही मुलं एकमेकांना फार सांभाळून घेतात. गावी चिखल उपसायला गेलेल्याचं जर्नल रूम पार्टनर लिहून ठेवतो, खोलीभाड्यातला त्याचा वाटा बाकीचे भरतात. ‘कमवा व शिका’ योजनेत काम मिळालेला मुलगा तर ताठ मानेनं मेसचे पैसे देतो. घरी मागावे लागत नाहीत, हाच त्याला मोठा आधार. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण मुलं खंबीर आहेत म्हणून मोठ्यांनी निर्धास्त राहावं, हे मला पटत नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी मेसच्या भिंतीवर लावला आहे. तिथे चोवीस तास मोफत बोलता येतं, मुलांनी जरूर बोलावं. मात्र ज्याची झोप परीक्षेच्या फॉर्मच्या पैशांनी उडाली आहे, त्याचा घोर नुसत्या बोलण्यानं कसा जाणार?

2018 मध्ये 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा सवलतींत परीक्षा शुल्कमाफी होती. या पुरानंतरही ती जाहीर झाली. तरी माझ्याकडच्या काही मुलांना कॉलेजनं ‘आधी भरा, मग परत मिळतील’ असं सांगितलं. त्यांनी उसनवारी करून भरले. पैसे नेमके अडचणीच्या महिन्यात लागतात. वर्षभरानं खात्यावर जमा होऊन त्या महिन्याचं जेवण परत येत नाही.

बाधित तालुक्यांची यादी सरकारकडे असते, विद्यार्थ्याचा पत्ता कॉलेजकडे असतो. विद्यापीठांनी पुढच्या सत्राचे फॉर्म सुटण्याआधीच या मुलांची नावं काढावीत आणि त्यांच्या फॉर्मवर शुल्काच्या जागी शून्य छापून द्यावं.

— एक मेसचालक, सदाशिव पेठ, पुणे