स्मिता पाटील यांच्या चित्रपटांच्या प्रिंट भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी १७ ऑक्टोबरला जयंतीनिमित्त आणि १३ डिसेंबरला स्मृतिदिनानिमित्त स्मिता पाटील यांच्यावर लेख येतात. १९५५ साली पुण्यात जन्मलेल्या या अभिनेत्रीचे ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘भूमिका’, ‘उंबरठा’ हे सगळे काम फिल्मवर झालेले आहे, आणि फिल्म कुजते. त्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही.

जुनी थिएटरे, वितरकांची कार्यालये आणि तंबूत सिनेमे दाखवणाऱ्यांची घरे रिकामी होताना माळ्यावर फिल्मच्या रिळांचे डबे सापडतात. ३५ मिमी रुंद फिल्मचे हजार फुटी रीळ म्हणजे अकरा मिनिटे. अडीच तासांच्या चित्रपटाला सुमारे साडेतेरा हजार फूट फिल्म लागते. असा एका रिळाचा डबा भंगारात गेला की अकरा मिनिटांचा अभिनय गेला.

डबा मोकळ्या हवेत उघडा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर समजा की फिल्मचा ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकसारखा पाया विघटित होऊ लागला आहे. उष्णता आणि दमट हवा यांमुळे त्यातून आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढची झीज वेगाने करते. गंजलेल्या पत्र्यात घट्ट कोंडलेल्या रिळाचे तर फारच हाल होतात. मग फिल्म आकसते, कडांना लाटा येतात, भोके प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत आणि टराटरा फाटतात. म्हणून ‘चालते का बघू’ म्हणून प्रिंट प्रोजेक्टरवर चढवू नका. चिकटलेली वेटोळी ओढून सोडवू नका, इमल्शन, म्हणजे चित्र असलेला थर, निघून येतो. वास येणारे डबे बाकीच्यांपासून वेगळे करा, आडवे ठेवा, पत्र्याच्या छपराखालून काढून घरातल्या थंड, कोरड्या खोलीत आणा. हात लावायचाच तर सुती हातमोजे घालून, फक्त कडेला.

रंगीत प्रिंटचे दुखणे वेगळे. त्यातला निळसर रंग आधी उडतो. चेहरा गुलाबी दिसतो, हिरवे झाड तपकिरी होते. ‘सामना’सारख्या कृष्णधवल चित्रपटात प्रतिमा चांदीची असते, ती अशी उडत नाही. पण त्याच चांदीसाठी भंगारवाले प्रिंट उचलतात, हे फार वाईट आहे.

गुलाबी पडलेली, ओरखडे आलेली प्रिंट निरुपयोगी असते, हा समज चुकीचा आहे. २०२४ साली कान महोत्सवात ‘मंथन’ची दुरुस्त प्रत दाखवली गेली. तिच्यातले चित्र मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून घेतले होते, आवाज मात्र थिएटरात दाखवायच्या एका ३५ मिमी प्रदर्शन-प्रिंटवरून. त्यातली स्मिताबाईंची बिंदू आज नीट ऐकू येते ती कुणीतरी जपलेल्या त्या प्रिंटमुळे!

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्याच पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून आहे. तिथे कळवताना चित्रपटाचे नाव, रिळांची संख्या, ३५ की १६ मिमी, रंगीत की कृष्णधवल आणि वास येतो का, एवढे लिहा. प्रिंट जतनासाठी ठेवायला दिली म्हणून निर्मात्याचे हक्क जात नाहीत, त्यामुळे वारसांनी घाबरू नये. १९५० च्या आधीचे डबे निघाले तर मात्र ते हलवू नका, आधी फोन करा. ती नायट्रेट फिल्म असू शकते. ती पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो.

डब्यावरचे जुने लेबल फाडू नका. आत चलान किंवा सेन्सॉरचा कागद असेल तर तोही सोबत द्या.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे